मॅट हॅझर्डची खोटी बखर

विडंबन हे कोणत्याही कलाप्रकाराच्या वयात आल्याचे लक्षण मानावे लागते. मुळाची ओळख नसेल तर विडंबनाला अर्थ उरत नाही. १९२५ साली केशवकुमारांची ‘झेंडूची फुले’ प्रसिद्ध झाली तेव्हा रविकिरण मंडळाच्या कवींची आणि त्या काळच्या एकूण कवितेची लकब वाचकांच्या कानांत बसलेली होती; म्हणून हशा पिकला. आज उलटा प्रकार दिसतो. मूळ कविता विस्मरणात गेल्या आणि विडंबन तेवढे शिल्लक राहिले. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनातही हेच सूत्र चालते. एखाद्या शिक्षकाची नक्कल रंगते ती त्यांच्या हाताखाली शिकलेल्या मुलांपुढे. पाहुणे मात्र कोऱ्या चेहऱ्याने बसून राहतात. आणि नक्कल करणारा मुलगा हा बहुधा वर्गात सर्वांत बारकाईने लक्ष देणारा असतो, हेही जाता जाता नोंदवून ठेवतो.

प्रस्तुत लेखात ज्या विडंबनाचा विचार करायचा आहे ते मात्र कवितेचे नाही आणि नाटकाचेही नाही. ते व्हिडिओ गेमचे आहे, आणि स्वतःही एक व्हिडिओ गेमच आहे. दिवाळी अंकाच्या वाचकाला हा विषय पोरकट वाटण्याचा संभव आहे. परंतु जो प्रकार पन्नास वर्षांहून अधिक काळ चालला, ज्याने जगभरच्या दोन-तीन पिढ्यांच्या संध्याकाळी व्यापल्या, त्याला इतिहास नाही असे म्हणणे इतिहासाच्या अभ्यासकाला शोभत नाही.

त्या खेळाचे नाव ‘ईट लेड : द रिटर्न ऑफ मॅट हॅझर्ड’. ‘शिसे खा’ हा नावाच्या पहिल्या भागाचा अर्थ. शिसे म्हणजे बंदुकीची गोळी. एक्सबॉक्स ३६० आणि प्लेस्टेशन ३ या यंत्रांसाठी तो २००९ च्या आरंभी बाजारात आला. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या व्हिशस सायकल सॉफ्टवेअर या संस्थेने तो रचला, आणि डी-थ्री पब्लिशर या मूळच्या जपानी प्रकाशनसंस्थेने प्रकाशित केला. खेळाची जात ‘थर्ड पर्सन शूटर’. व्याकरणातला तृतीय पुरुष इथेही लागू पडतो. ‘प्रथम पुरुषी’ नेमबाजीत पडद्यावर फक्त बंदूक धरलेले हात दिसतात, जणू आपणच नायक. ‘तृतीय पुरुषी’ प्रकारात नायकाची पाठ आपल्यासमोर असते आणि आपण त्याच्या मागून चालत त्याला हाकतो. प्रथम पुरुषाची परंपरा १९९२ च्या ‘वुल्फेन्स्टाइन थ्रीडी’ने आणि १९९३ च्या ‘डूम’ने रूढ केली. नायकाच्या पाठीमागून पाहण्याची सवय लाखो खेळणाऱ्यांना १९९६ च्या ‘टूम रेडर’ने लावली. पुढे २००६ साली ‘गिअर्स ऑफ वॉर’ आला, आणि भिंतीआड दबा धरून बसायचे, डोके वर काढायचे, गोळी झाडायची, पुन्हा दबा धरायचा, ही रीत इतकी लोकप्रिय झाली की पुढील दोन-तीन वर्षांत जो तो नायक भिंतीला पाठ लावून बसलेला दिसू लागला. गोदामे, लाकडी खोकी, बंदरावरचे धक्के, दाढी वाढलेला घोगऱ्या आवाजाचा धिप्पाड वीर : साचा पक्का झाला होता. साचा पक्का झाला की विडंबनकार दाराशी येऊन उभा राहतोच.

व्हिशस सायकलच्या मंडळींनी जी युक्ती योजली ती मला फार मोलाची वाटते. त्यांनी केवळ नायक निर्माण केला नाही, त्याचा भूतकाळही निर्माण केला. मॅट हॅझर्ड हा म्हणे १९८०च्या दशकापासून गाजलेला खेळनायक. आधी तो सपाट पडद्यावर डावीकडून उजवीकडे धावणारा छोटा पुतळा होता, मग त्रिमितीत आला, मग त्याचे एकामागून एक भाग निघाले. ‘यू ओन्ली लिव्ह १,३१७ टाइम्स’ हे त्यातल्या एकाचे नाव. जेम्स बाँडची टोपी उडवणारे, आणि खेळातला नायक कितीदा मरून पुन्हा उठतो त्याचा हिशेबही सांगणारे. यशाची नशा चढली तशी अधोगती सुरू झाली. मॅटला छोट्या गाड्यांच्या शर्यतीत उतरवले गेले. मग बंदुकीऐवजी पाण्याची पिचकारी हाती दिलेला एक निरुपद्रवी खेळ आला. नायक बदनाम झाला, विस्मरणात गेला. आणि आता मॅरेथॉन मेगासॉफ्ट या (अर्थात काल्पनिक) कंपनीचा मालक वॉली वेल्सली त्याला पुनरागमनाची संधी देतो. ती संधी नसून सापळा आहे. खेळातच त्याचा काटा काढायचा डाव आहे. मॅटला आवाज दिला विल आर्नेट या नटाने, वॉलीला नील पॅट्रिक हॅरिसने. दोघेही विनोदी भूमिकांसाठी नावाजलेले. क्यूए नावाची एक अदृश्य सहायिका खेळाच्या संगणकीय संहितेत हात घालून मॅटला वाचवीत राहते. मारलेला शत्रू रक्त न सांडता त्याच संहितेच्या निळ्या कणांत विरघळून जातो.

या खोट्या बखरीतून जुन्या खेळांतले शत्रू नव्या खेळात ओतले जातात आणि तिथे खरा इतिहास डोकावू लागतो. मॅटच्या एका जुन्या ‘त्रिमिती’ खेळातून आलेले सैनिक घ्या. ते कागदासारखे सपाट आहेत. समोरून ते पुरे दिसतात. अंग वळवले की निव्वळ एक उभी रेघ उरते आणि नेम धरायचा कुठे हेच कळेनासे होते. यातले मर्म कळण्यासाठी १९९२ सालच्या यंत्रांची ताकद ठाऊक हवी. ‘वुल्फेन्स्टाइन थ्रीडी’च्या रचनाकारांना खोल्यांचा आणि भिंतींचा भास निर्माण करता आला, पण हलत्या माणसाचे घन शरीर रेखाटण्याइतका वेग त्या काळच्या घरगुती संगणकात नव्हता. म्हणून शिपाई म्हणजे सपाट चित्रे, आणि ती चित्रे खेळणाऱ्याकडे सतत तोंड करून राहतील अशी तजवीज. गणेशोत्सवाच्या देखाव्यातली पुठ्ठ्याची कापलेली माणसे आठवावीत. मात्र आपण जिकडे सरकू तिकडे ती आपोआप वळतात अशी कल्पना करावी. विडंबनकारांनी एवढेच केले, की त्या पुठ्ठ्याला आडवे वळू दिले. एका विनोदात एका तंत्रयुगाची सारी अडचण उघडी पडली. इतिहासाचे पाठ्यपुस्तक हे इतक्या थोडक्यात सांगू शकेल असे मला वाटत नाही.

दुसरे पात्र कॅप्टन कार्पेंटर. हा निन्टेंडोच्या सुप्रसिद्ध मारिओचा नकली भाऊ. मारिओ म्हटला की नळजोडणी करणारा कारागीर, हे लहान मुलेही सांगतील. पण १९८१ च्या ‘डाँकी काँग’मध्ये तो प्रथम अवतरला तेव्हा त्याचे नाव जम्पमॅन होते आणि धंदा सुताराचा, इमारतीच्या बांधकामावर तो चढत असे. १९८३ च्या ‘मारिओ ब्रदर्स’मध्ये गटारे आणि नळ आले आणि सुताराचा प्लंबर झाला. म्हणजे ज्याला आपण थट्टेतले नाव समजतो ते मूळ दस्तऐवजाशी जुळते. अशा ठिकाणी विडंबनकाराचा अभ्यास दिसतो.

बाकीची पात्रे भराभर येऊन जातात. ‘हेलो’ या २००१ च्या खेळातल्या चिलखतधारी मास्टर चीफचा इथे मास्टर शेफ, म्हणजे आचारी, झाला आहे. पिचकारीवाले आहेत, घोडदौडीच्या चित्रपटांतले काउबॉय आहेत. भलीमोठी तलवार पेलणारा एक जपानी धाटणीचा वीर आहे. तो तोंडाने बोलतच नाही, त्याचे संवाद पडद्यावरच्या चौकटीत टिंबाटिंबांसह उमटत राहतात. जपानी भूमिकाप्रधान खेळांत बरीच वर्षे मुद्रित संवादच वाचावे लागत, तिथून हे घेतले आहे.

आता त्या खोट्या बखरीकडे परत येऊ. मॅटच्या जुन्या खेळांची नावे, त्यांची जातकुळी, त्यांचे यशापयश, सारे इतक्या गंभीरपणे मांडले आहे की अनभिज्ञ माणूस सहज फसावा. सनावळी जोडली की असत्यालाही बाळसे येते, हे इतिहास शिकवणाऱ्याला निराळे सांगायला नको. याच्या नेमके उलट उदाहरण याच क्षेत्रात आहे. १९८३ साली अटारी कंपनीने न खपलेली खेळांची काडतुसे न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाच्या कचराभूमीत पुरली. ही गोष्ट पुढे तीस वर्षे बऱ्याच लोकांना भाकडकथा वाटत होती. एप्रिल २०१४ मध्ये तिथे उत्खनन झाले आणि काडतुसे खरोखरच मातीतून वर आली. खरे ते दंतकथा ठरले आणि बनावट ते चरित्र वाटले! ज्या कलेचे दफ्तर कोणी नीट सांभाळले नाही तिथे असेच व्हायचे.

एवढे कौतुक केल्यावर दोषही सांगितलाच पाहिजे, कारण तो किरकोळ नाही. समीक्षकांना या खेळाचे विनोद आवडले, खेळणे मात्र सामान्य वाटले. या खेळाने ज्या साच्याची टर उडवली तोच साचा खेळणाऱ्याच्या गळ्यात बांधला. मॅट गोदामांवर आणि ठरीव लढायांवर शेरे मारतो. शेरा मारून झाला की त्याच गोदामात, त्याच खोक्यांआड, तसल्याच शत्रूंच्या लाटांवर तास तास गोळ्या झाडत बसावे लागते. कंटाळवाण्या शिक्षकांची नक्कल पाच मिनिटे शोभते. ती चाळीस मिनिटे चालली तर नक्कल उरत नाही, तो तासच होतो.

कवितेच्या विडंबनात हा धोका कमी असतो, कारण ते लहान असते. दीर्घ विडंबनाला स्वतःचे पाय लागतात. सर्व्हांटिसने ‘डॉन किहोते’ लिहिला तो शूरवीरांच्या पाल्हाळिक अद्भुतकथांची खोड मोडण्यासाठी. पहिला भाग १६०५ साली आला. दुसरा १६१५ साली, आणि त्यातल्या पात्रांनी पहिला भाग वाचलेला असतो! आपण पुस्तकात आहोत हे नायकाला कळणे ही क्लृप्ती इतकी जुनी आहे. मॅट हॅझर्डला आपण खेळात आहोत हे कळते त्यात नवे काही नाही. फरक असा, की सर्व्हांटिसचे पुस्तक ज्यांची थट्टा करते त्या ग्रंथांहून कितीतरी सरस आहे. त्या अद्भुतकथा आज अभ्यासकांखेरीज कोण वाचतो? ‘ईट लेड’ मात्र ‘गिअर्स ऑफ वॉर’शेजारी ठेवला तर फिकाच पडतो. दोष दाखवणे आणि दोष टाळणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि त्यातले पहिलेच या मंडळींनी मन लावून केले.

पण काळाने त्यांच्या कल्पनेला जी पुस्ती जोडली ती कोणत्याही विनोदी लेखकाला सुचली नसती. ड्यूक न्यूकेम हा खराखुरा खेळनायक १९९१ साली जन्मला, सपाट पडद्यावर. १९९६ साली त्रिमितीत येऊन त्याने नाव काढले. मॅटची जन्मपत्रिका त्याच्याशी फार जुळते. ‘ड्यूक न्यूकेम फॉरेव्हर’ या पुढच्या खेळाची घोषणा १९९७ साली झाली. वर्षे लोटली, यंत्रे बदलली, खेळ काही येईना. मॅटचे खोटे पुनरागमन बाजारात आल्यावर काही महिन्यांतच, मे २००९ मध्ये, खऱ्या ड्यूकचा खेळ रचणारा चमू कंपनीने पैशाअभावी घरी पाठवला. पुढे गिअरबॉक्स या दुसऱ्या संस्थेने काम हाती घेतले आणि जून २०११ मध्ये, घोषणेनंतर चौदा वर्षांनी, ड्यूक परतला. त्या खेळाच्या आरंभी ड्यूक आपल्याच जुन्या पराक्रमाचा व्हिडिओ गेम खेळत बसलेला दिसतो. समीक्षकांनी त्याला झोडपून काढले. थट्टेत मांडलेली कथा दोन वर्षांनी वास्तवात घडली, आणि वास्तवातली अधिक करुण निघाली.

मॅटचा पुढचा खेळ जानेवारी २०१० मध्ये आला, त्रिमिती सोडून पुन्हा डावीकडून उजवीकडे धावणारा. मॅटचे मूळचे बुटके, चौकटी-चौकटींचे बालरूप शत्रूने पळवले आहे, आणि ते परत आणले नाही तर आजचा मॅटही उरणार नाही, अशी त्याची कथा. त्यानंतर मॅटचा तिसरा खेळ निघाला नाही. व्हिशस सायकल २०१६ च्या जानेवारीत बंद पडली.

२०२३ साली व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या अमेरिकेतील संस्थेने एक पाहणी प्रसिद्ध केली. २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आता बाजारात विकत मिळत नाहीत, असे तीत आढळले. जुन्या तबकड्या गोळा करणारे हौशी लोक, आणि अजून चालू स्थितीत असलेली त्या काळची यंत्रे, यांवरच बरीचशी भिस्त उरली आहे. सपाट शिपायांचा विनोद कळायचा तर मूळचे सपाट शिपाई कुठेतरी पाहायला मिळाले पाहिजेत.