बँजो कुणाचा? एका कल्पित लोकपरंपरेचा इतिहास

'लोकसंगीत' हा शब्द ऐकला की ते डोंगरातल्या गवतासारखे आपोआप उगवले असावे असे वाटते. पण कोणते गाणे 'लोकांचे' आणि कोणते नाही, हे कुणीतरी बसून ठरवत असते, आणि ठरवणाऱ्याच्या हातात वही, ध्वनिमुद्रणाचे यंत्र आणि पैसा असतो. अमेरिकेतील फिडल आणि बँजो यांच्या जोडवादनाचा इतिहास या दृष्टीने आपल्या तरुणांनी मुद्दाम वाचावा असा आहे.

आधी एक खुलासा. आपल्या मिरवणुकीत वाजतो तो बँजो हा नव्हे. तो बुलबुलतरंगाच्या घराण्यातला, कळा दाबून वाजवायचा. अमेरिकेतला बँजो म्हणजे कातडे ताणलेला गोल खोका, लांब दांडी आणि चार-पाच तारा. फिडल म्हणजे व्हायोलिनच, फक्त नाचासाठी वाजवलेले. दोन माणसे, दोन वाद्ये, समोर कागद नाही. फिडलवाला एक छोटी चाल धरतो, बँजोवाला तिला ठेकाही देतो आणि सूरही, आणि नाचणारे थकेपर्यंत प्रत्येक आवर्तनात काहीतरी जागच्या जागी बदलत राहते.

आज हे संगीत म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो अॅपलाचियन डोंगरातला गोरा शेतकरी. ही प्रतिमा बनवलेली आहे.

बँजो घडवला तो कॅरिबियन बेटांवर आणि अमेरिकेत आणलेल्या आफ्रिकन गुलामांनी. भोपळा कापायचा, त्यावर कातडे ताणायचे, दांडी बसवायची. सेनेगल-गांबिया भागातल्या जोला लोकांचे 'आकोन्टिंग' हे वाद्य आजही पाहिले तर नाते सांगावे लागत नाही. अंगठ्याने वाजवायची आखूड तारसुद्धा तीच. हान्स स्लोन या वैद्याने १६८८ मध्ये जमैकात गुलामांची अशी वाद्ये पाहिली आणि १७०७ मध्ये त्यांचे चित्र छापले. शेकडो गुलामांचा मालक असलेल्या थॉमस जेफरसननेही लिहून ठेवले की हे वाद्य गुलामांनी आफ्रिकेतून आणले. म्हणजे अठराव्या शतकात याविषयी कुणाच्या मनात शंका नव्हती. शंका नंतर निर्माण केली गेली.

दक्षिण कॅरोलिनात १७३९ मध्ये स्टोनो येथे गुलामांचे बंड झाले आणि १७४० च्या कायद्याने त्यांच्या ढोलांवर बंदी आली. फिडल मात्र मालकांना हवे होते, कारण त्यांच्या दिवाणखान्यातल्या नाचाला वादक गुलामच लागत. पळालेल्या गुलामाला पकडून देण्याच्या जाहिरातीत 'फिडल चांगले वाजवतो' ही ओळखीची खूण म्हणून छापली जाई. सॉलोमन नॉर्थप हा न्यूयॉर्कचा स्वतंत्र कृष्णवर्णीय वादक. १८४१ मध्ये त्याला वादनाच्या कामाचे आमिष दाखवूनच पळवले आणि लुईझियानात बारा वर्षे गुलाम म्हणून राबवले.

मग पहिली चोरी झाली. १८४३ मध्ये न्यूयॉर्कच्या रंगमंचावर 'व्हर्जिनिया मिन्स्ट्रेल्स' हे चार गोरे तोंडाला काजळी फासून उभे राहिले. एकाच्या हातात फिडल, दुसऱ्याच्या हातात बँजो. काळ्या माणसाचे संगीत घेतले आणि त्याच माणसाला विदूषक केले. मळ्यावरचा आनंदी, आळशी, नाचरा गुलाम ही त्यांची कल्पित लोकपरंपरा. ती अनेक दशके तुफान चालली.

दुसरी चोरी अधिक सभ्य होती. १९१६ ते १९१८ या काळात सेसिल शार्प हा इंग्रज संग्राहक अॅपलाचियन डोंगरात फिरला. त्याला जुनी इंग्रजी गाणी हवी होती, म्हणून त्याला इंग्रजी गाणीच सापडली. एकदा चढ चढून एका वस्तीवर पोहोचला, तिथे काळे लोक राहतात असे दिसले, आणि श्रम फुकट गेले म्हणून त्याने खंत नोंदवली! १९२० च्या दशकात मोटारवाला हेन्री फोर्ड पुढे आला. त्याच्या वर्तमानपत्राने जॅझचे खापर ज्यूंवर फोडले आणि त्याने स्वतः 'शुद्ध' जुन्या नाचांचा आणि फिडल स्पर्धांचा प्रचार केला. उरलेले काम रेकॉर्ड कंपन्यांनी केले. एकाच गावातले, एकाच चाली वाजवणारे वादक दोन याद्यांत वाटले गेले: काळ्यांसाठी 'रेस', गोऱ्यांसाठी 'हिलबिली'. 'रेस' यादीत प्रामुख्याने ब्लूज हवे होते. काळ्या फिडल-बँजोवाल्यांना तिथे फारशी जागा नव्हती आणि दुसऱ्या यादीत तर प्रवेश जवळजवळ नव्हताच. ज्याची रेकॉर्ड निघाली नाही तो पुढच्या संशोधकासाठी अस्तित्वातच नव्हता.

तरीही एक नोंद झाली. १९४२ मध्ये नॅशव्हिल शहरात फिस्क विद्यापीठाचे प्राध्यापक जॉन वर्क (तिसरे) यांनी नेथन फ्रेझर (बँजो) आणि फ्रँक पॅटरसन (फिडल) या कृष्णवर्णीय जोडीचे ध्वनिमुद्रण केले. वर्क स्वतः कृष्णवर्णीय होते, हे लक्षात घ्या. (बाबासाहेबांनी १९४६ मध्ये ज्यांना पत्र लिहिले ते ड्यू बॉइसही याच फिस्कचे विद्यार्थी.) या जोडीने 'डॅन टकर' वाजवले आहे. म्हणजे १८४३ साली काजळी फासलेल्या गोऱ्यांनी गाजवलेली चाल. शंभर वर्षांनी दोन काळे वादक ती अशा वेगाने उधळतात की मूळ विनोद कुठल्या कुठे उडून जातो आणि उरतो फक्त ठेका. हे ध्वनिमुद्रण रेकॉर्डवर सर्वांना मिळाले १९८९ मध्ये. सत्तेचाळीस वर्षांनी.

काहीजण विचारतात, काळ्यांनीच बँजो सोडला ना? सोडला, बऱ्याच अंशी. ज्या वाद्यासोबत तुमची टर उडवली जाते ते वाद्य मुलाच्या हाती कोण देईल? लोक मळे सोडून शहरात गेले, नवे संगीत घडवले. तो त्यांचा स्वाभिमानाचा निर्णय होता आणि मला तो योग्यच वाटतो. पण वाद्य खाली ठेवणे वेगळे आणि ते घडवल्याचा इतिहास दुसऱ्याच्या नावावर करून देणे वेगळे. दुसऱ्या गोष्टीला त्यांनी कधीच संमती दिली नव्हती.

उत्तर कॅरोलिनातल्या मेबेन गावी जो थॉम्पसन (१९१८–२०१२) फिडल वाजवत राहिले. चुलतभाऊ ओडेल बँजोवर. २००५ मध्ये बून येथे कृष्णवर्णीय बँजोवादकांचा मेळावा झाला आणि त्यानंतर रियानन गिडेन्स, डॉम फ्लेमन्स आणि जस्टिन रॉबिन्सन हे तरुण जो यांच्या घरी शिकायला जाऊ लागले. जो तेव्हा ८६ वर्षांचे होते.

इथे एक अडचण आहे, ती टाळू नये. १८५५ सालचे बँजो-शिक्षणाचे पुस्तक ब्रिग्ज नावाच्या मिन्स्ट्रेल वादकाचे आहे. गुलामांच्या स्वतःच्या वादनाचा आवाज कुठेच मुद्रित नाही. म्हणजे गिडेन्सलाही शत्रूच्या कागदातून पूर्वजांची चाल काढावी लागते, आणि मधली जागा कल्पनेने भरावी लागते. मग फोर्डच्या कल्पनेत आणि हिच्या कल्पनेत फरक काय? फरक असा की फोर्डच्या चित्रात माणसे गायब केलेली आहेत, आणि ही गायब केलेल्या माणसाची रिकामी जागा दाखवते. २०१७ मधले तिचे एक गाणे गुलाम स्त्रीच्या विक्रीच्या खऱ्या जाहिरातीवर आहे. त्या जाहिरातीत तिचे तान्हे मूल घ्यायचे की नाही, हे ग्राहकाच्या मर्जीवर सोडले होते. कागद खरा आहे, त्या आईचा आवाज कल्पिलेला आहे, आणि हे गिडेन्स लपवत नाही.

२०२५ मध्ये गिडेन्स (बँजो) आणि रॉबिन्सन (फिडल) यांनी दोघांचाच अल्बम काढला. त्यात जो थॉम्पसन यांच्याकडून शिकलेल्या चाली आहेत. ध्वनिमुद्रण स्टुडिओत नव्हे, उत्तर कॅरोलिनात उघड्यावर केले, जो यांच्या घराच्या आवारातही. मागे रानकिड्यांची किरकिर ऐकू येते.