साठीच्या आत पाडलेली इमारत

आज मी दिल्लीतल्या एका इमारतीबद्दल बोलणार आहे. ती आता नाही. पण ती का गेली, हे तुमच्या-माझ्या गावालाही लागू पडतं.

१९७२. स्वातंत्र्याची पंचविशी. प्रगती मैदानावर आंतरराष्ट्रीय व्यापार मेळा भरणार होता. त्यासाठी वास्तुविशारद राज रेवाल आणि अभियंते महेंद्र राज यांनी ‘हॉल ऑफ नेशन्स’ उभारला. प्रचंड दालन, पण आत एकही खांब नाही. असा त्रिकोणी सांगाडा एरवी पोलादी नळ्यांचा करतात. आपल्याकडे पोलाद महाग होतं, मजूर मात्र भरपूर होते. म्हणून अख्खा सांगाडा काँक्रीटचा, तोही मजुरांच्या हातांनी जागेवरच ओतलेला. टंचाईतून निघालेली ही वाट जगभरच्या अभ्यासकांनी वाखाणली.

पुढे मैदानाचा पुनर्विकास ठरला. इमारत वारसा यादीत नव्हती. ती यादीत घ्या, अशी मागणी झाली, तेव्हा दिल्लीच्या वारसा संवर्धन समितीने साठ वर्षांचा निकष पुढे केला. इमारत होती ४५ वर्षांची. उच्च न्यायालयातही दाद मिळाली नाही. एप्रिल २०१७ मध्ये एका रात्रीत ती पाडली गेली.

आता कायदा पाहू. १९५८च्या केंद्रीय कायद्यानुसार प्राचीन स्मारक ठरायला किमान शंभर वर्षं लागतात. त्याहून लहान इमारतींचा भार शहरांच्या नियमांवर पडतो. मुंबईने १९९५ साली विकास नियमावलीतूनच वारसा यादी लागू केली. देशात हे पहिल्यांदाच घडलं. पण यादीत नाव नसेल, तर हे संरक्षणही नाही.

माझा आक्षेप इथेच आहे. साठीनंतर संरक्षण द्यायचं, तर साठीपर्यंत इमारत जगवायची कोणी? इंग्लंडमध्ये यावर एक सोय आहे. यादीबाहेरची इमारत धोक्यात दिसली, तर स्थानिक परिषद तातडीची नोटीस काढते. सहा महिने ती इमारत यादीत असल्यासारखीच सांभाळली जाते आणि तेवढ्यात निर्णय होतो. प्रत्येक जुनी भिंत राखावी, असं मी म्हणत नाही. पाडायचीच असेल तर पाडा, पण आधी तिची किंमत ठरवा. त्यासाठी थोडी उसंत कायद्याने द्यायला हवी.

तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला की हैदराबादला, आपल्या शहराची वारसा यादी एकदा मागवून वाचा. त्यात काय आहे, त्यापेक्षा काय नाही, ते आधी बघा.