प्रत्येक सिलिंडरास स्वतंत्र झडप

मोटारीच्या इंजिनात शिरणाऱ्या हवेचा कारभार सर्वसाधारणपणे एकाच झडपेच्या ताब्यात असतो. ती उघडली म्हणजे हवा प्रथम एका सामाईक कोठीत भरते व तेथून नळ्यांच्या वाटेने निरनिराळ्या सिलिंडरांत पोहोचते. ही कोठी वगळून प्रत्येक सिलिंडराच्या तोंडाशी स्वतंत्र थ्रॉटल बॉडी बसविण्याची जी वहिवाट शर्यतीच्या मोटारींत पडली, तिचे मूळ कार्ब्युरेटरच्या युगात आहे. १९६२ साली फेरारीने आपल्या २५० जीटीओ मोटारीवर बोलोन्याच्या वेबर कारखान्याचे सहा जुळे कार्ब्युरेटर चढवून बारा सिलिंडरांना बारा श्वासमार्ग दिले होते. परंतु रस्त्यावरच्या मोटारीत हा खर्चिक सरंजाम दीर्घकाळ चालविण्याचे श्रेय प्रामुख्याने म्युनिकच्या बीएमडब्ल्यू कंपनीस द्यावे लागेल. १९७८ च्या एम१ मधील साडेतीन लिटरचे सहा सिलिंडरी इंजिन, पॉल रोशे यांच्या देखरेखीखाली सिद्ध झालेले पहिल्या एम३ चे चार सिलिंडरी इंजिन आणि २००५ च्या सुमारास आलेले एम५ चे दहा झडपांचे, ५०७ अश्वशक्तीचे इंजिन, ही सारी एकाच परंपरेतील होत.

या रचनेने अश्वशक्ती वाढते हा लोकसमज मला अर्धाच खरा वाटतो. कारण झडप पूर्ण उघडल्यावर एक मोठी आणि अनेक लहान यांत फारसा भेद उरत नाही. खरा लाभ आज्ञाधारकतेचा आहे. झडप व सिलिंडर यांमधील पोकळी अत्यल्प असल्याने चालकाच्या पायाचा हुकूम तत्काळ अमलात येतो; शिवाय, शर्यतीच्या कॅमशाफ्टमुळे सिलिंडराचे आवक व जावक असे दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकदम उघडे राहून जो जळका वायू उलट फिरतो, तो शेजारच्या सिलिंडराची हवा नासवू शकत नाही.

याचा मोबदला मात्र जबर असतो. एका झडपेचा कोन केसभर चुकला तरी इंजिन आयडलिंगला थरथरते, म्हणून मेकॅनिकास प्रत्येक मार्गातील व्हॅक्यूम मोजून सर्व झडपा एकमेकींशी जुळवाव्या लागतात. आणि कोठीअभावी तो व्हॅक्यूमही इतका अस्थिर असतो की ब्रेकच्या बूस्टरसाठी निराळी तजवीज करावी लागते, व इंधनाचे प्रमाण पुष्कळदा केवळ झडपेचा कोन आणि इंजिनाचे फेरे यांवरून ठरवावे लागते. खर्चाचे तर विचारूच नये. १९९५ साली अमेरिकेत पाठविलेल्या एम३ ला खुद्द कंपनीनेच एका झडपेचे, २४० अश्वशक्तीचे इंजिन दिले. त्याच मोटारीचे युरोपातील इंजिन २८६ अश्वशक्तीचे होते, अर्थात या तफावतीस कॅमशाफ्टादी इतर फेरफारही कारण होते.

निसानने १९८९ च्या स्कायलाइन जीटी-आरमध्ये सहा झडपा आणि दोन टर्बो एकत्र नांदविले होते. तथापि बीएमडब्ल्यूने २०११ च्या एम५ मध्ये टर्बो स्वीकारला तेव्हा स्वतंत्र झडपांस रजा दिली. त्या झडपांचे आठ सिलिंडरी एम३ २०१३ साली बंद झाले, आणि मोटारींतून बहुतांशी उठलेली ही वहिवाट आज वेगवान मोटारसायकलींत मात्र सर्रास चालू आहे.