जुनं लोखंड, नवा मेंदू

मागच्या दिवाळीनंतर आतेभावाचा फोन आला. तो वाशिम जिल्ह्यात रिसोड तालुक्यातल्या रिठदला असतो. लेथ आणि वेल्डिंगचं छोटं वर्कशॉप आहे. रोटाव्हेटर, मळणीयंत्र, ट्रॉली, जे येईल ते दुरुस्त करतो.

"दादा, चिंचवडले एक जुनं सीएनसी मिलिंग मशीन विकाले हाय. तू तिथंच हायेस त पाहून ये ना."

"अरे, मला त्यातलं काय कळतं?"

"काहून? कंप्युटरच त हाय त्याच्यात!"

घरच्यांच्या हिशोबात कंप्युटरवाला म्हणजे प्रिंटरपासून मिक्सरपर्यंत सगळं येणारा माणूस. गेलो. आणि त्या निमित्ताने दोन-तीन वीकेंड या यंत्रांचा इतिहास वाचण्यात गेले. तो इतका मजेदार निघाला की म्हटलं, लिहावंच.

आधी थोडक्यात. लेथवर जॉब फिरतो, मिलिंगवर कटर फिरतं आणि जॉब टेबलासकट सरकतो. टेबल किती सरकवायचं हे कारागीर हँडलं फिरवून ठरवतो. सीएनसीमध्ये ते काम प्रोग्रॅम करतो.

हा प्रकार सुरू झाला अमेरिकेत, मिशिगनमधल्या जॉन पार्सन्सकडे. १९४० च्या दशकात तो हेलिकॉप्टरची पाती बनवत होता. त्यांच्या वळणाचे आकडे त्याने आणि फ्रँक स्टुलेनने आयबीएमच्या पंच्ड कार्डवाल्या यंत्रावर काढले. मग मशीनवर तीन माणसं उभी केली. एक जण आकडे वाचणार, दुसरा एक्सचं हँडल फिरवणार, तिसरा वायचं. म्हणजे सीएनसीचा पहिला 'प्रोसेसर' तीन माणसांचा होता!

पुढे अमेरिकन हवाई दलाने पैसे दिले, काम एमआयटीच्या सर्व्होमेकॅनिझम प्रयोगशाळेकडे गेलं आणि सप्टेंबर १९५२ मध्ये पंच केलेल्या कागदी पट्टीवर चालणारं मशीन जगाला दाखवलं गेलं. आता खरी गंमत ऐका. ते मशीन एमआयटीने घडवलेलं नव्हतंच. सिनसिनाटी कंपनीचं हायड्रोटेल हे तेव्हाचं नेहमीचं मॉडेल होतं. त्याला सर्व्हो जोडले आणि शेजारी फ्रिजएवढी पाच कपाटं भरून इलेक्ट्रॉनिक्स उभं केलं. म्हणजे तयार मशीनला नवा कंट्रोल बसवणं, ज्याला आज रेट्रोफिट म्हणतात, तो गरिबाचा जुगाड नाही. या तंत्राचा जन्मच तसा झालाय.

आपल्याकडे १९५३ साली बेंगळुरूला एचएमटी स्थापन झाली. टेल्कोने १९६६ साली पुण्यात पाय रोवला तो सुमंत मूळगावकरांच्या काळात, आणि तोही मशीन टूल विभागापासून. ट्रक बाहेर पडायला १९७७ उजाडलं. आधी यंत्र बनवणारी यंत्रं, मग गाड्या. परदेशी यंत्र आणायचं तर परवाने, परकीय चलन, सगळ्याच अडचणी. २००४ च्या परकीय व्यापार धोरणाने मात्र जुनी यंत्रं आणताना वयाची अट काढून टाकली. भावाने हेरलेलं मशीनही तसंच बाहेरून आलेलं, जपानी.

बाहेरून चकाचक रंग. चालू केलं तर स्क्रीनभर अलार्म. डीलर म्हणाला, "बॅटरी टाका, चालू होईल." नाही झालं. जुन्या कंट्रोलमध्ये त्या मशीनचे सगळे पॅरामीटर बॅटरीवर जगणाऱ्या मेमरीत असतात. बॅटरी मेली की स्मृती गेली. त्या आकड्यांचा छापील कागद बऱ्याचदा कपाटाच्या दारामागे ठेवलेला असतो. इथे तोही गायब. थोडक्यात काय, कॉन्फिग फाईल उडाली आणि बॅकअप नाही. हे दुखणं मात्र मला ओळखीचं होतं.

त्यावर उपाय आहे. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेने १९९० च्या दशकात साध्या पीसीवर चालणारा खुला कंट्रोलर लिहिला आणि जनरल मोटर्सच्या पाँटियाक कारखान्यातल्या एका मशीनवर चालवून पाहिला. सरकारी असल्याने तो सगळ्यांसाठी खुला झाला. त्याचं नाव ईएमसी, २०११ पासून लिनक्ससीएनसी. कुणीही फुकट वापरावा. मेंदूचा प्रश्न मिटला, असं मी भावाला ऐटीत सांगितलं.

मग त्याने फोनवरूनच मला डायल गेज लावायला शिकवलं. टेबल एक मिलिमीटर पुढे, एक मिलिमीटर मागे. काटा मूळ जागी यायला हवा. टेबलाच्या टोकाला जेमतेम ०.०४ चा फरक, मधोमध ०.१८! वर्षानुवर्षं काम मधेच झालेलं, त्यामुळे बॉलस्क्रूही तिथेच झिजलेला.

"सॉफ्टवेअरमध्ये भरपाई देता येते," मी म्हणालो.

"देशील बी. पण कटर लागल्यावर टेबल हालन त्याचं काय?"

गप्प बसलो. आकडा बदलून मोकळी जागा भरत नाही. सॉफ्टवेअर मेंदू नवा देतं, सांधे देत नाही. त्याला कंप्युटर येत नाही असं मी समजत होतो, पण मशीनला नेमका काय आजार आहे ते त्यानेच ओळखलं.

कर्ज काढायचं होतं, आत्या घाबरलेली. आम्ही नव्या बॉलस्क्रूचा, कार्डाचा, क्रेनचा आणि रिठदपर्यंतच्या ट्रकचा खर्च मांडला आणि तेवढी किंमत पाडून मागितली. तीन आठवड्यांनी डीलर तयार झाला.

"खेड्यात कशाला असलं मशीन?" असं बऱ्याच जणांनी विचारलं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनाही विचारलं असेल. बेळगावातली जागा सोडावी लागल्यावर १९१० साली त्यांनी औंध संस्थानातल्या कुंडलच्या माळावर कारखाना काढला. तिथे लोखंडी नांगर बनले आणि माळाची किर्लोस्करवाडी झाली. कारखाना गिऱ्हाइकाजवळ असला की काय होतं ते तिथे दिसतं. रोटाव्हेटरचा भाग बिघडला की शेतकऱ्याचे पेरणीचे दिवस जातात. तो भाग गावातच झाला तर ते वाचतात.

असो. स्क्रू बसलाय, एक्स आणि वाय चालतात, झेड अजून रुसलेला आहे. पॅरामीटरची फाईल मात्र तीन ठिकाणी ठेवली आहे, शिवाय एक छापील प्रत कपाटाच्या दारामागे. पुढच्या शनिवारी रिठदला जातोय.