पायाने घेतलेली मींड

जबलपूरचे नाव निघाले की नर्मदेकाठचे संगमरवरी खडक, धुवाधारचा धबधबा आणि १९०४ साली उभा राहिलेला तोफगाड्यांचा कारखाना या गोष्टी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येतात. वाद्यसंगीताच्या इतिहासातही या शहराला एक स्थान आहे. पण ते कोणा गवयाने मिळवून दिलेले नसून आगगाडीने मिळवून दिलेले आहे. १८७० च्या मार्च महिन्यात मुंबईकडून आलेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग आणि कलकत्त्याकडून अलाहाबादवरून आलेला ईस्ट इंडियन रेल्वेचा मार्ग यांची जबलपुरात गाठ पडली, आणि देशाचे दोन किनारे लोखंडाने जोडले गेले. पुढच्या काळात स्टील गिटार नावाचे जे परदेशी वाद्य हिंदुस्थानात आले, त्याची दोन ठाणी कलकत्ता आणि मुंबई हीच होती. त्या वाद्याला ज्यांनी रागदारीची दीक्षा दिली, त्यांचे गुरुपीठ मैहर हे तर याच मार्गावर, जबलपूरपासून सुमारे दीडशे किलोमीटरांवर आहे.

मराठी माणसाला जबलपूर परके नाही. १७९८ साली गढा-मंडल्याचा मुलूख पेशव्यांकडून नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७ मध्ये इंग्रजांनी तो घेईपर्यंत त्यांच्याकडेच राहिला. पुढे १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात नांदत होती. नोकरी-वकिलीच्या निमित्ताने तिकडे गेलेली मराठी घरे तेथलीच होऊन गेली. आता समजा, अशाच एखाद्या शहरात, एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावरून एक चमत्कारिक वाद्य खाली आले. चार पायांचे मेज, मेजावर तारांच्या दोन पट्ट्या, खाली हार्मोनियमच्या भात्याशी काही संबंध नसलेले लोखंडी पाद आणि गुडघ्याने ढकलावयाचे दांडे. घरच्यांना ते विकावयाचे आहे. बाजारातला वाद्यविक्रेता ते पाहून मान हलवील, भंगारवाला वजन विचारील. मग त्याचे मोल करावयाचे कोणी, आणि कशावरून?

या प्रश्नाचे उत्तर त्या वाद्याच्या कुळकथेत आहे.

हवाई बेटांतील ओआहू येथे जोसेफ केकुकू नावाच्या शाळकरी मुलाने १८८५ च्या सुमारास गिटार मांडीवर आडवी घेतली, आणि तारा बोटांनी दाबण्याऐवजी त्यांवरून पोलादाचा तुकडा सरकविण्यास आरंभ केला. पुढे कामेहामेहा शाळेच्या कर्मशाळेत त्याने त्यासाठी पोलादी कांडी बनविली. शोधाचे श्रेय सामान्यतः त्यालाच दिले जाते. तथापि काही जुन्या हवाईकरांच्या आठवणींत दुसरे एक नाव येते : गेब्रिएल डेव्हियन. हा जन्माने हिंदुस्थानी, जहाजावरून हवाईत पोहोचलेला, आणि त्याच सुमारास तो याच रीतीने गिटार वाजवीत असे, असे ते सांगत. या कथेवरून हिंदुस्थानाने हे वाद्य हवाईला दिले असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. पण तारेवरून घसरता पदार्थ फिरवून स्वर काढण्याची युक्ती आपल्याकडे फार जुनी आहे, एवढे मात्र निर्विवाद होय. तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्यात एकतंत्री वीणेचे वर्णन आहे, आणि त्या वीणेवर डाव्या हाताने वेळूची ‘कम्रिका’ सरकवावयाची, हेही सांगितलेले आहे. म्हणजे आजच्या मराठवाड्यात बसून लिहिलेल्या ग्रंथात या वादनरीतीची नोंद आहे. तिला पडदे नाहीत. म्हणूनच स्वरापासून स्वरापर्यंत अखंड वाट आहे. गाणाऱ्याच्या गळ्याला जी मींड सहज येते, ती या वाद्याला उपजतच लाभलेली आहे.

१९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोला भरलेल्या जागतिक प्रदर्शनाने हवाईयन संगीताचे वेड अमेरिकेभर पसरविले, आणि तेथून ते आगबोटींनी जगभर गेले. ताऊ मो व त्याची पत्नी रोझ हे दांपत्य दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कलकत्त्यास राहिले व तेथे अनेकांना त्यांनी या वाद्याचे वेड लावले. त्याच शहरात गार्नी निस यांचे ‘अलोहा बॉइज’ वाजवीत असत. पुढे सुजित नाथ, बटुक नंदी, सुनील गांगुली यांनी रवींद्रसंगीत व चित्रपटगीते या गिटारवर वाजवून तिला बंगाली घराच्या दिवाणखान्यात नेऊन बसविले. मुंबईत लखनौचे व्हॅन शिपले यांनी स्वतः आठ तारांची विद्युत्-गिटार घडविली, आणि हजारा सिंग यांच्या गिटारने चित्रपटगीतांच्या तबकड्यांत घर केले. येथे एक गोष्ट ध्यानात येते. ज्या काळात आपल्या नभोवाणीने पेटीला दार बंद केले होते (ही बंदी १९४० पासून १९७१ पर्यंत चालली), त्या काळात ही परदेशी गिटार मात्र नभोवाणीवर निर्वेध वाजत होती. पेटीला मींड घेता येत नाही हा तिच्यावरचा मुख्य आक्षेप. गिटारवर तो लागूच होत नव्हता.

अमेरिकेत मात्र या वाद्याचे भाग्य वेगळ्या दिशेने गेले. तेथील संगीत स्वरसंवादांचे, एकाच वेळी उमटणाऱ्या तीन-चार स्वरांचे. सरळ पोलादी कांडी सगळ्या तारांवर एकाच रेषेत पडते. तेव्हा तारा ज्या मेळात लावल्या असतील तेवढाच संवाद निघावयाचा. दुसरा हवा असेल तर दुसरी गिटार घ्या, अथवा एकाच मेजावर दोन-तीन पट्ट्या बसवा! या अडचणीतून पादांची कल्पना निघाली. पायाने पाद दाबला की मेजाखालची सळई एखादी ठरावीक तार ताणते किंवा सैल करते, आणि बाकीच्या तारा जागच्या जागी राहतात. इंडियानापोलिसच्या हार्लिन बंधूंनी अशी योजना केली. कॅलामाझूच्या गिब्सन कंपनीने वादक ॲल्विनो रे याच्या साहाय्याने १९४० च्या सुमारास ‘इलेक्ट्राहार्प’ बाजारात आणले. लगेच महायुद्ध आले, कारखाना युद्धसामग्रीकडे वळला, आणि त्या पहिल्या मालिकेतील फारच थोडी वाद्ये तयार होऊ शकली. आज ती दुर्मिळ समजली जातात याचे कारण त्यांच्या गुणांइतकेच हे युद्धही आहे.

युद्धानंतर कॅलिफोर्नियात पॉल बिग्सबी नावाचा कारागीर पुढे आला. तो मूळचा मोटारसायकलींच्या कारखान्यातला. धातू ओतण्यासाठी लाकडी नमुने करणे हा त्याचा हातखंडा. १९४८ साली त्याने स्पीडी वेस्ट या वादकासाठी पादांची गिटार बनविली. तो एकेक वाद्य मागणीप्रमाणे घडवी, आणि पुष्कळदा वाद्याच्या दर्शनी भागावर वादकाचे नाव जडवी. साहजिकच त्याच्या हातची वाद्ये मोजकी राहिली. अशाच एका बिग्सबी गिटारवर १९५३ साली बड आयझॅक्स याने नॅशव्हिलला एका गाण्याच्या साथीत एक अभिनव प्रयोग केला. तोपर्यंत पाद हे स्वरांचा मेळ बदलण्यापुरते वापरीत. आयझॅक्सने तारा छेडल्यावर, त्या घुमत असतानाच, पाद दाबला. एक स्वर जागेवर उभा आणि दुसरा त्याच्याशेजारून चढत जाऊन त्याला मिळतो, असा तो नाद होता. ते गाणे पुढच्याच वर्षी लोकप्रिय झाले आणि तेथील लोकसंगीताचा सारा साज पालटून गेला. आपल्या भाषेत बोलावयाचे तर, मींड हातातून पायात उतरली.

त्यानंतरची हकीगत कारखान्यांची आहे. शॉट जॅक्सन व बडी एमन्स यांनी १९५५ च्या सुमारास ‘शो-बड’ सुरू केले. फेंडरने १९५७ नंतर आपली पादगिटार काढली. एमन्सने १९६३ मध्ये वेगळा होऊन स्वतःच्या नावाची कंपनी काढली. तिच्या ‘पुश-पुल’ या जुन्या रचनेचे स्वर जुळविणे हे मोठे कटकटीचे काम; तरी तिच्या नादाला तोड नाही असे सांगणारे वादक आजही आहेत. पुढे सोयीची रचना आली आणि जुनी मागे पडली. मागे पडली म्हणूनच ती संग्राहकांच्या नजरेस आली. जुन्या वस्तूंच्या बाजाराचा हा नित्याचा प्रकार आहे.

या बाजारात मोल ठरते ते मूळपणावरून. मूळ सळया आहेत का, विद्युत्-नाद उचलणारी पेटिका मूळची की बदललेली, रोगण नवे चढविले आहे काय, कोणत्या वादकासाठी घडविले याची खूण शिल्लक आहे का, एवढेच काय पण वाद्याची जुनी पेटी सोबत आहे का, हे सारे पाहिले जाते. वादकाचा धर्म नेमका याच्या उलट. त्याला एखादा पाद अधिक हवा असतो, एखादा दांडा डावीकडून उजवीकडे हवा असतो. तो वाद्य उघडतो, भोके पाडतो, सळया वाकवतो. वादकाने केलेला असा प्रत्येक बदल संग्राहकाच्या हिशेबात वजाबाकीच्या रकान्यात पडतो. न वाजविलेले वाद्य महाग आणि भरपूर वाजविलेले स्वस्त, ही स्थिती सतारीच्या किंवा तंबोऱ्याच्या घराण्यात वाढलेल्या माणसाला कशी पटावी? मिरजेचे सतारमेकर मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेबांनी त्या कसबातून वाद्ये घडविण्यास प्रारंभ केला. त्या परंपरेत जवारी पुन्हा पुन्हा काढली जाते, घोडी बदलते, भोपळाही प्रसंगी बदलतो, आणि तंबोरा तोच राहतो. बिग्सबी मोटारसायकलीतून आला, मिरजकर हत्यारांतून आले. दोघांचीही मुळे लोखंडातच आहेत.

जबलपुरातल्या त्या काल्पनिक वाद्याला ग्राहक मिळेल तो बहुधा परदेशीच. त्याचे कारण सरळ आहे. हिंदुस्थानात स्टील गिटार रुजली, पण पादांची गिटार कधीच रुजली नाही. वजनदार वाद्य, आयातीवरील दीर्घकाळची बंधने, ही कारणे आहेतच. पण खरे कारण संगीताच्या घडणीत आहे. आपला राग एका तारेवर उलगडतो. त्याला स्वरांचे मेळ बदलावयाचे नाहीत, तर एका स्वराची दुसऱ्याकडे जाण्याची वाट रंगवावयाची आहे. म्हणून येथे गिटारला पाय फुटण्याऐवजी तारा फुटल्या. जोधपूरचे ब्रिजभूषण काबरा यांनी अली अकबर खाँसाहेबांचे शिष्यत्व पत्करून गिटारला चिकारीची जोड दिली. १९६७ सालच्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मांचा संतूर व हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्या बरोबरीने त्यांची गिटार घरोघर पोहोचली. रविशंकरांचे शिष्य विश्वमोहन भट्ट यांनी तरफांच्या तारा चढवून तिची मोहनवीणा केली, आणि १९९४ साली ग्रॅमी पारितोषिक मिळविले. हे दोघेही मैहरच्या बाबा अल्लाउद्दीन खाँच्याच परंपरेतले.

मग वाद्य परदेशी जाऊ द्यावे की नाही? कायदा याबाबतीत स्पष्ट आहे. १९७२ चा पुरावस्तू व कलानिधीविषयक कायदा शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तू खाजगी रीतीने देशाबाहेर नेऊ देत नाही. इलेक्ट्राहार्पची पहिली वाद्ये २०४० च्या सुमारास शंभरी गाठतील. तोवर ती कायद्याच्या दृष्टीने केवळ जुने सामान होत. शिवाय ती मुळात तिकडचीच. ती परत गेल्याने आपला वारसा लुटला गेला असे म्हणता येणार नाही. तरीही विकणाऱ्याने एक काम अवश्य करावे. ते वाद्य येथे कसे आले, कोणी वाजविले, कोणत्या मेळात लावले जात होते, हे लिहून ठेवावे. वाद्य गेले तर त्याची जोडी कोठेतरी सापडेल. ही माहिती गेली तर तिची दुसरी प्रत नाही.

विकण्यावाचून दुसरा मार्गच नसतो असेही नव्हे. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे दिनकर केळकर यांनी आयुष्यभर जमविलेल्या वस्तू, त्यांत वाद्यांचे एक मोठे दालन, १९७५ साली महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केल्या. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात ती आज पाहता येतात. मैहर परंपरेतल्याच सरोदवादिका शरनरानी यांनी गोळा केलेली शेकडो जुनी वाद्ये १९८० पासून टप्प्याटप्प्याने दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाला दिली. दोघांनीही किंमत घेतली नाही. अर्थात ज्याच्या घरी आजारपण किंवा मुलांचे शिक्षण आहे त्याने हाच कित्ता गिरवावा असे सांगणे अन्यायाचे होईल, आणि संग्रहालयाच्या काचेआड वाद्य वाजत नाही ही गोष्टही खरीच.

मैहरला एक असे वाद्य आहे की ज्याचा बाजारभाव कोणी काढलेला नाही. १९१८ च्या साथीत पोरक्या झालेल्या मुलांना घेऊन बाबा अल्लाउद्दीन खाँनी वाद्यवृंद उभा केला, तेव्हा संस्थानच्या निकामी बंदुकांच्या नळ्या कापून, त्यांचे स्वर जुळवून त्यांनी ‘नलतरंग’ तयार केले. जलतरंगाप्रमाणे दोन काठ्यांनी ते वाजवितात. जबलपूरहून कटनीवरून उत्तरेकडे जाणारी गाडी मैहरला थांबते, आणि त्या वाद्यवृंदात त्या बंदुकीच्या नळ्या अद्याप वाजत असतात.