शरणपूरची मुलं

नाशिकला आपल्यापैकी बऱ्याच जणांची नातीगोती आहेत. तिथे गेलं की शरणपूर रोडवरून एकदा तरी जाणं होतंच. दुकानं, दवाखाने, बँका, गाड्यांची गर्दी... कुठल्याही वाढत्या शहरात असतो तसाच रस्ता. पण ज्या शरणपूरच्या नावाने तो ओळखला जातो, ते शरणपूर काय होतं हे नाशिककरांनाही फारसं ठाऊक नसतं. पुण्याच्या आम्हा पेठेतल्या लोकांना कुठून असणार?

चर्च मिशनरी सोसायटी या इंग्रजांच्या संस्थेचं काम नाशिकमध्ये 1832 पासून होतं. पुढे 1854-55 च्या सुमारास विल्यम सॉल्टर प्राइस नावाच्या मिशनऱ्याने गावाबाहेर ख्रिस्ती लोकांची एक वसाहत उभी केली. धर्म बदलला की घर सुटायचं, विहीर बंद व्हायची, काम मिळेनासं व्हायचं. अशांनी राहायचं कुठे, म्हणून ही वसाहत. शरण आलेल्यांचं ते शरणपूर. इथवरची गोष्ट महाराष्ट्रात इतर ठिकाणीही थोड्याफार फरकाने घडलेली आहे. पण 1860 पासून शरणपुरात जे सुरू झालं, ते मात्र वेगळं होतं. तिथे आफ्रिकेतली मुलं राहायला आली.

त्या काळी पूर्व आफ्रिकेच्या आतल्या मुलखातून माणसं पकडून किनाऱ्यावर आणत, झांजिबारच्या बाजारात विकत आणि तिथून गलबतांत भरून अरबस्तानाकडे, इराणच्या आखाताकडे नेत. इंग्रजांची आरमारी जहाजं अशी गलबतं पकडायची. सोडवलेल्या माणसांना पुन्हा त्यांच्या गावी पोचवणार कसं? गाव कुठलं हे मुलांना नीट सांगता येत नसे, आणि सांगता आलं तरी वाट त्याच गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या मुलखातून जाणारी. म्हणून त्यांना मुंबईला आणून उतरवत. त्यातली बरीच मुलं-मुली शरणपूरच्या 'आफ्रिकन असायलम'मध्ये आली.

तिथे त्यांना लिहिणं-वाचणं, हिशेब, इंग्रजी शिकवत. सुतारकाम, लोहारकाम, गवंडीकाम शिकवत. बाप्तिस्मा देऊन नवी नावं ठेवत. जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फॅरर, सायमन प्राइस, रिचर्ड आयझेनबर्ग अशी ती नावं. फॅरर, प्राइस, आयझेनबर्ग ही आपल्याकडच्या मिशनऱ्यांची आडनावं. आईने ठेवलेली नावं बहुतेकांची गेली ती गेलीच.

मिशनरी म्हटलं की आपल्याकडे दोनच सूर लागतात. एक, ते देवदूत होते. दुसरा, ते भोळ्या लोकांना बाटवायला आले होते. या मुलांच्या बाबतीत मला दोन्ही सूर अपुरे वाटतात. गलबताच्या तळातून सुटका झाली हे खरंच. पण पुढे कुठला देव मानायचा, कुठलं नाव लावायचं, कुठला धंदा करायचा आणि मोठेपणी कुठे जायचं, यातलं काहीही त्यांना कुणी विचारलं नाही, हेही तितकंच खरं. एका जहाजाने त्यांना गुलाम करून नेलं, दुसऱ्याने सोडवून आणलं. दोन्ही वेळा निर्णय दुसऱ्यांचाच होता.

या मुलांना आफ्रिकेत परत पाठवून तिथल्या धर्मकार्याला जोडायचं, हा त्यामागचा विचार होता. म्हणजे आफ्रिकेच्या मिशनची तयारी गोदावरीच्या काठी चालली होती! विल्यम जोन्स, जॉर्ज डेव्हिड, इश्माएल सेमलर हे त्यातले पुढे नावारूपाला आलेले. मोंबासाजवळच्या रबाई या गावी योहानेस रेबमान हा जर्मन मिशनरी वर्षानुवर्षं जवळजवळ एकटाच काम करत होता, तिथे 1864 च्या सुमारास नाशिकची पहिली माणसं गेली.

त्याच वर्षी, म्हणजे जून 1864 मध्ये, डेव्हिड लिव्हिंग्स्टन आपली 'लेडी न्यासा' ही छोटीशी आगबोट झांजिबारहून थेट मुंबईला घेऊन आला. पावसाळा तोंडावर, समुद्र खवळलेला आणि बोट एवढीशी! बरोबर चुमा आणि विकटानी ही दोन आफ्रिकन मुलं होती. त्यांना त्याने मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवलं. (हे विल्सन म्हणजे ज्यांच्या नावाचं कॉलेज चौपाटीसमोर आहे ते.) पुढच्या वर्षी तो परत आला आणि नव्या मोहिमेसाठी त्याने शरणपूरची नऊ मुलं मागून घेतली. जानेवारी 1866 मध्ये ते सगळे मुंबईहून निघाले.

ती मोहीम सुखाची झाली नाही. मुंबईचे शिपाई आजारपणाला आणि चालण्याला कंटाळून परतले. नाशिकच्या मुलांबद्दल लिव्हिंग्स्टनने रोजनिशीत तक्रारी लिहून ठेवल्या आहेत. काही जण सोडून गेले, काही मेले, थोडे राहिले. विकटानीला तर 1866 मध्येच वाटेत आपले नातेवाईक सापडल्याची खबर लागली आणि तो तिथेच थांबला.  मला मात्र विकटानीचं वागणं पटतं. घर सापडल्यासारखं वाटलं तर कुणीही थांबेल.

दुसरी तुकडी 1872 मध्ये गेली. लिव्हिंग्स्टनच्या शोधासाठी निघालेल्या मोहिमेकरता शरणपुरातून सहा तरुण झांजिबारला आले आणि पुढे स्टॅन्लेने पाठवलेल्या माणसांबरोबर लिव्हिंग्स्टनकडे पोचले. जेकब वेनराइट आणि मॅथ्यू वेलिंग्टन त्यातलेच. वर्ष उलटायच्या आत, 1 मे 1873 रोजी, आजच्या झांबियातल्या चितांबो या सरदाराच्या गावी लिव्हिंग्स्टन वारला. आसपास एकही गोरा माणूस नाही. समुद्र दीड हजार किलोमीटरहून लांब.

आता काय करायचं, हा प्रश्न होता. तिथेच पुरून टाकून आपापल्या वाटेने गेले असते तर कुणी विचारणार नव्हतं. सुसी आणि चुमा हे त्या तांड्याचे पुढारी. त्यांनी सगळ्यांना जमवलं आणि ठरलं की देह समुद्रापर्यंत न्यायचा. डॉक्टरच्या पेट्यांत काय काय आहे त्याची यादी करायला जेकबला बोलावलं, कारण तो लिहिणारा. उद्या कुणी चोरीचा आळ घेऊ नये, ही त्या माणसांची व्यवहारी दृष्टी. काळीज एका पेटीत घालून झाडाखाली पुरलं. अंत्यविधीची प्रार्थना जेकबने वाचली आणि झाडाच्या खोडावर अक्षरं कोरली तीही त्यानेच. नाशिकमध्ये शिकलेली अक्षरं मध्य आफ्रिकेतल्या एका झाडावर उमटली!

मग देह उन्हात सुकवून, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळून ते निघाले. वाटेत आजार, भांडणं, नद्या. टबोराच्या भागात दुसरी एक इंग्रज मोहीम भेटली. तिचा प्रमुख कॅमरन म्हणाला, इथेच पुरा. यांनी ऐकलं नाही. पुढे एका गावाने प्रेत नेऊ देणार नाही म्हटल्यावर त्यांनी एक खोटं प्रेत बांधून पुरण्यासाठी म्हणून माघारी पाठवलं आणि खरं प्रेत कापडाच्या गठ्ठ्यासारखं बांधून पुढे नेलं. फेब्रुवारी 1874 मध्ये, सुमारे नऊ महिन्यांनी, ते बागामोयो बंदराला पोचले. लंडनमध्ये डॉक्टरांनी डाव्या दंडाचं हाड पाहून खात्री करून घेतली. फार पूर्वी सिंहाने मोडलेलं ते हाड होतं. 18 एप्रिल 1874 ला वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं. शवपेटीबरोबर मान्यवर म्हणून चालणाऱ्यांत स्टॅन्ले होता आणि शरणपूरचा जेकब वेनराइटही होता. सुसी आणि चुमा लंडनला पोचले तोवर सगळं आटोपलेलं होतं.

या सगळ्यात मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. शरणपुरात या मुलांची तयारी करून घेतली ती हाताखालचे म्हणून. सुतार म्हणून, लोहार म्हणून, प्रचारकाचे मदतनीस म्हणून. साहेब नसताना साहेबासारखा निर्णय घ्यायची तयारी कुणीच करून घेतली नव्हती. आणि ती वेळ आली तेव्हा चाळीस वर्षं शिकवूनही एखाद्याच्या अंगी येत नाही ते या तांड्यातल्या माणसांनी करून दाखवलं.

आता आपल्या पुण्याचा एक धागा. हे सगळं घडत असताना गुलामांच्या व्यापाराविरुद्ध सुलतानाशी बोलणी करायला झांजिबारला कोण गेलं होतं? सर बार्टल फ्रियर. 1862 ते 67 मध्ये मुंबईचे गव्हर्नर होते तेच. विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणून आपण दाखवतो तो गणेशखिंडीचा राजवाडा त्यांच्याच कारकिर्दीत बांधायला घेतला आणि त्याच्या खर्चावरून तेव्हा ओरडही झाली. जून 1873 च्या तहाने झांजिबारचा गुलामांचा बाजार बंद झाला. सोडवलेल्यांसाठी 1875 मध्ये मोंबासासमोर नवं गाव वसलं, त्याला फ्रियरटाऊन हे नाव मिळालं. ते वसवायला प्राइससाहेबच गेले आणि शरणपूर व मुंबईकडची सुमारे दीडशे आफ्रिकन माणसं तिथे जाऊन राहिली. नाशिकचं असायलम बंद झालं.

कागदावर हे 'घरी परतणं' होतं. प्रत्यक्षात तिथले लोक त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणत! कपडे वेगळे, चालीरीती वेगळ्या, स्थानिक स्वाहिली नव्याने शिकायची. नाशिकमध्ये ते आफ्रिकेचे आणि आफ्रिकेत मुंबईचे. वर गोऱ्या मिशनऱ्यांच्या हाताखाली दुय्यम जागा. जोन्स आणि सेमलर यांना दीक्षा मिळून पाद्री होता आलं ते 1885 मध्ये, वीस वर्षं काम केल्यावर. त्याच वर्षी बिशप हॅनिंग्टन युगांडाच्या वाटेवर मारले गेले, तेव्हा उरलेल्या माणसांना परत घेऊन आला तो विल्यम जोन्सच. मालकांकडून पळालेले गुलाम पुढे रबाईच्या आसऱ्याला येत राहिले. 1 जानेवारी 1889 ला त्यांतल्या चौदाशेहून अधिक जणांना मालकांना भरपाई देऊन रीतसर मुक्त केलं गेलं. शरणपुरात वाढलेल्यांनी दुसऱ्या किनाऱ्यावर पुन्हा एक शरणपूरच चालवलं म्हणा ना.

जेकब 1892 मध्ये आजच्या टांझानियातल्या उरंबोला वारला. मॅथ्यू वेलिंग्टन मात्र मोंबासात 1935 पर्यंत जगला.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण सांगते. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची मुलगी तिच्या चर्चच्या गटाबरोबर तीन आठवडे केनियाला जाणार आहे. शाळेची एक खोली बांधायला मदत, मुलांना शिकवणं, प्रार्थनासभा असा कार्यक्रम. पिवळ्या तापाची लस निघण्याच्या निदान दहा दिवस आधी घ्यायची, मलेरियाच्या गोळ्या, मच्छरदाणी, अशी तिची भली मोठी यादी. बापाचं म्हणणं, "बाई, हिला जायच्या आधी काहीतरी वाचायला सांगा."

तीन आठवड्यांत कुणाचं भलं होतं का, असं काही जण कुत्सितपणे विचारतात. मी तसं विचारणार नाही. तरुण माणसाने घर सोडून लांबचं जग पाहावं, हाताने विटा उचलाव्यात, यात वाईट काही नाही. फक्त आपण तिथे उजेड घेऊन चाललो आहोत असं वाटायला लागलं तर थोडं थांबावं. त्या वाटेने आपल्याकडून आधी गेलेल्यांकडे परतीचं तिकीट नव्हतं, आणि त्यांना मदतनीस म्हणूनच पाठवलं होतं. खोली तिथले गवंडीही बांधतील, कदाचित जास्त चांगली. तिने त्यांच्या हाताखाली काम करावं आणि त्यांच्या भाषेत त्यांची नावं नीट उच्चारायला शिकावं. नावं बदलली गेलेल्या मुलांची गोष्ट वाचल्यावर एवढं तरी आपल्याला जमायला हवं.

तिला मी जेकबची गोष्ट सांगितली. तिच्या यादीत स्वाहिलीचं छोटं पुस्तक घालायला लावलं. मोंबासाला फ्रियरटाऊनची जुनी घंटा अजून उभी आहे. गुलामांचे व्यापारी चालून आले तर गावाला सावध करायला ती वाजवत. त्या चौकाला आजही 'केंगेलेनी' म्हणतात, म्हणजे घंटेपाशी. वेळ मिळाला तर बघून ये, म्हटलं. तिने वहीत नाव लिहून घेतलं आणि विचारलं, "बाई, नाशिकला त्यांचं काय आहे बघण्यासारखं?"

रस्त्याचं नाव आहे, म्हटलं.