मुक्त स्रोत सॉफ्टवेअरचे दस्तऐवजीकरण : लेखन आणि देखभाल यांचा ऐतिहासिक आढावा (१९७१ ते २०२४)

सारांश

मुक्त स्रोत सॉफ्टवेअरच्या इतिहासात आज्ञावली लिहिणाऱ्यांची दखल घेतली जाते. त्या आज्ञावलींची माहितीपुस्तिका लिहिणारे आणि ती अद्ययावत ठेवणारे बहुधा अलक्षित राहतात. प्रस्तुत लेखात युनिक्सची पहिली माहितीपुस्तिका, ग्नू प्रकल्पाचा पुस्तिकांसाठीचा परवाना, लिनक्स डॉक्युमेंटेशन प्रोजेक्ट, लिनक्सची मॅन-पेजेस आणि लिनक्स कर्नेलचे दस्तऐवजीकरण या पाच टप्प्यांचा आढावा घेतला आहे. दस्तऐवजीकरणाचे आयुष्य लेखनाच्या विपुलतेवर नव्हे, तर देखभालीच्या व्यवस्थेवर अवलंबून असते, असे या आढाव्यातून दिसून येते.

बीजसंज्ञा : मुक्त स्रोत, दस्तऐवजीकरण, माहितीपुस्तिका, देखभाल, परवाना.

१. प्रस्तावना

ज्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड कोणालाही वाचता येतो, बदलता येतो आणि पुन्हा वितरित करता येतो, त्यास मुक्त स्रोत सॉफ्टवेअर म्हणतात. परंतु कोड खुला असणे आणि तो समजणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. लक्षावधी ओळींचा कोड वाचून त्याचे कार्य जाणून घेणे सामान्य वापरकर्त्यास तर राहोच, अनुभवी तज्ज्ञासही अशक्यप्राय असते. कोड आणि वापरकर्ता यांच्यामधला सेतू म्हणजे दस्तऐवजीकरण. हा सेतू एकदा बांधून भागत नाही. खालचा प्रवाह सतत पात्र बदलत असल्यामुळे तो वारंवार दुरुस्त करावा लागतो.

गिटहब या संकेतस्थळाने २०१७ मध्ये केलेल्या मुक्त स्रोतविषयक सर्वेक्षणात ९३ टक्के प्रतिसादकांनी अपूर्ण किंवा कालबाह्य दस्तऐवजीकरण ही समस्या असल्याचे नोंदविले. त्याच सर्वेक्षणात ६० टक्के योगदानकर्त्यांनी आपण दस्तऐवजीकरणात क्वचितच भर घालतो किंवा कधीच घालत नाही, असे सांगितले. उणीव सर्वांना जाणवते, पण ती दूर करण्याचे काम थोडेच जण हाती घेतात. ही विसंगती आजची नाही. तिची मुळे शोधण्यासाठी अर्धशतक मागे जावे लागते.

२. युनिक्सची माहितीपुस्तिका : मालकाचे नाव आणि दोषांची कबुली

अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीज येथे केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही कार्यप्रणाली विकसित केली. तिच्या माहितीपुस्तिकेची पहिली आवृत्ती ३ नोव्हेंबर १९७१ या दिनांकाची आहे. युनिक्स ही मुक्त स्रोत प्रणाली नव्हती. ती कंपनीच्या मालकीची होती. तथापि, पुढील मुक्त स्रोत चळवळीने दस्तऐवजीकरणाचा जो घाट स्वीकारला तो येथेच सिद्ध झाला. म्हणून आढाव्याचा प्रारंभ येथून करणे आवश्यक आहे.

या पुस्तिकेत प्रत्येक आज्ञेस स्वतंत्र नोंद दिलेली असून नोंदीची रचना ठरलेली आहे. नाव, आज्ञा लिहिण्याची रीत, वर्णन, संबंधित फाइली आणि पाहावयाच्या इतर नोंदी असा क्रम येतो. शेवटी दोन उपशीर्षके येतात, ती अभ्यासकाचे लक्ष वेधून घेतात. पहिले आहे दोष. आपण तयार केलेल्या वस्तूतील उणिवा निर्मात्यांनी स्वतःच तेथे नोंदविल्या आहेत. दुसरे आहे मालक. अडचण आल्यास कोणाला विचारावे, त्या व्यक्तीची आद्याक्षरे किंवा नाव तेथे दिलेले असते. मालक कोणाला म्हणावे याचा नियमही प्रस्तावनेत सांगितला आहे. ज्याने शेवटचा बदल केला तो मालक. त्यामुळे मालक हा मूळ लेखक असेलच असे नाही.

हा नियम वरवर किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात त्याने लेखकत्वाचा आणि जबाबदारीचा संबंध तोडला. ज्याने लिहिले त्याच्याकडे श्रेय राहील, पण उत्तर देण्याची जबाबदारी ज्याचा हात शेवटचा लागला त्याच्यावर येईल. देखभालीची कल्पना येथे प्रथमच स्पष्ट शब्दांत आलेली दिसते. जून १९७२ च्या दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी युनिक्स अवघ्या १० ठिकाणी चालत होते. एवढ्या लहान समूहात मालकाला शोधणे कठीण नव्हते. पुढे प्रसार वाढला. जानेवारी १९७९ च्या सातव्या आवृत्तीत दोषांचे उपशीर्षक टिकून आहे, मालकाचे मात्र दिसत नाही.

३. ग्नू प्रकल्प : पुस्तिकेच्या स्वातंत्र्याचा प्रश्न

रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची स्थापना झाली. एकाच मूळ मजकुरातून छापील पुस्तक आणि पडद्यावर वाचता येणारी पुस्तिका अशी दोन्ही रूपे तयार करणारी टेक्स-इन्फो ही पद्धती या प्रकल्पाने विकसित केली. दोन रूपांसाठी दोन वेगळे मजकूर ठेवले, तर त्यांपैकी एक मागे पडणारच. हा धोका या पद्धतीने टाळला.

स्टॉलमन यांची भूमिका अशी होती की, आज्ञावली बदलण्याची मुभा असेल तर तिची पुस्तिका बदलण्याचीही मुभा असली पाहिजे. अन्यथा बदललेल्या आज्ञावलीसोबत जुनी, म्हणजेच चुकीची पुस्तिका वाटावी लागेल. या विचारातून मार्च २००० मध्ये ग्नू मुक्त दस्तऐवजीकरण परवाना प्रसिद्ध झाला. मात्र त्यात एक तरतूद होती. लेखकास पुस्तिकेतील विषयबाह्य असे काही विभाग अपरिवर्तनीय म्हणून घोषित करता येत. ग्नू ईमॅक्स या संपादकाच्या पुस्तिकेत ग्नूचा जाहीरनामा असा अपरिवर्तनीय विभाग म्हणून समाविष्ट होता.

डेबियन या स्वयंसेवी प्रकल्पात या तरतुदीवर दीर्घ वाद झाला. मार्च २००६ मध्ये सदस्यांनी मतदानाने निर्णय घेतला : अपरिवर्तनीय विभाग नसलेल्या पुस्तिका मुक्त मानाव्यात, असे विभाग असलेल्या मानू नयेत. परिणामी मुक्त सॉफ्टवेअरच्या जनकाच्याच प्रकल्पातील पुस्तिका डेबियनच्या अमुक्त विभागात गेल्या. संहितेचे मूळ रूप जपायचे की तिला बदलू द्यायचे, हा पेच मराठी अभ्यासकास अपरिचित नाही. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि पुढे कोणी तीत आपली ओवी घालू नये, असा इशाराही दिला. काव्यग्रंथाच्या बाबतीत हा इशारा संरक्षक ठरतो. परंतु ज्या ग्रंथाचा विषयच दर काही महिन्यांनी बदलतो, त्या ग्रंथास तोच इशारा घातक ठरू शकतो. डेबियनमधील वादाचे मर्म या भेदात आहे.

या परवान्याचा मराठीशी प्रत्यक्ष संबंधही आहे. २००३ मध्ये सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाचा मजकूर प्रारंभी याच परवान्याखाली होता. नोव्हेंबर २००८ मधील १.३ या आवृत्तीने वाट मोकळी करून दिल्यावर २००९ मध्ये विकिपीडियाने क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना स्वीकारला. सॉफ्टवेअरच्या पुस्तिकांसाठी केलेला नियम काही वर्षे मराठी ज्ञानकोशालाही लागू होता, हे नोंद घेण्याजोगे आहे.

४. लिनक्स डॉक्युमेंटेशन प्रोजेक्ट : विपुलतेची मर्यादा

लायनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स कर्नेल प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी लिनक्स डॉक्युमेंटेशन प्रोजेक्टचा प्रारंभ झाला. मॅट वेल्श, लार्स विरझेनियस, ओलाफ किर्क आदींनी लिहिलेल्या मार्गदर्शिका तसेच हाऊ-टू या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शेकडो लघुपुस्तिका या प्रकल्पाने उपलब्ध करून दिल्या. किर्क यांची नेटवर्क प्रशासकांसाठीची मार्गदर्शिका १९९५ मध्ये ओरायली या प्रकाशनसंस्थेने ग्रंथरूपात काढली. नव्वदच्या दशकात लिनक्स शिकणाऱ्या पिढीचे हे जणू पाठ्यपुस्तकच होते.

येथे देखभालीची कसोटी लावून पाहू. नेटवर्कवरून येणारी माहिती गाळण्यासाठी लिनक्सच्या २.० आवृत्तीत आयपीएफडब्ल्यूएडीएम हे साधन होते. जानेवारी १९९९ मधील २.२ आवृत्तीत त्याची जागा आयपीचेन्सने घेतली. जानेवारी २००१ मधील २.४ आवृत्तीत आयपीटेबल्स आले आणि जानेवारी २०१४ मधील ३.१३ आवृत्तीत एनएफटेबल्स. आयपीचेन्सची हाऊ-टू पुस्तिका उत्तम होती, पण तिचा विषयच दोन वर्षांत मागे पडला. पुस्तिका मात्र आंतरजालावर तशीच उपलब्ध राहिली. नवशिक्या विद्यार्थ्यास ती सापडली तर आज्ञा चालत नाही, आणि तो दोष स्वतःकडे घेतो. कालबाह्य माहिती ही माहितीच्या अभावापेक्षा अधिक हानी करते, कारण अभाव निदान उघड तरी असतो.

या प्रकल्पाच्या पुस्तिका कर्नेलच्या कोडपासून वेगळ्या, स्वतंत्र लेखकांच्या हाती होत्या. लेखकाचा उत्साह ओसरला, नोकरी बदलली किंवा आवड पालटली की पुस्तिका जागच्या जागी थांबे. कोड बदलणाऱ्यावर ती सुधारण्याचे बंधन नव्हते. म्हणूनच एवढ्या विपुल लेखनाचा मोठा भाग कालांतराने मागे राहिला.

५. मॅन-पेजेस : देखभालीची अखंड परंपरा

याच काळात जन्मलेल्या लिनक्स मॅन-पेजेस प्रकल्पाची कथा निराळी आहे. रिक फेथ यांनी १९९३ ते १९९५, गणितज्ञ अँड्रीस ब्राउवर यांनी १९९५ ते २००४ आणि त्यानंतर मायकेल केरिस्क यांनी दीड दशकाहून अधिक काळ त्याची धुरा वाहिली. २०२० पासून अलेहांद्रो कोलोमार या कामात सहभागी झाले व पुढे तेच मुख्य देखभालकर्ते बनले. येथे माणसे बदलली, पण उत्तरदायी व्यक्तीची जागा रिकामी राहिली नाही. सूत्रे एकाकडून दुसऱ्याकडे गेली, मजकूर तोच राहिला आणि सुधारत गेला.

केरिस्क यांच्या कार्यातून आणखी एक बाब प्रकाशात आली. कर्नेलच्या एखाद्या सुविधेचे नेमके वर्णन लिहू लागले की तिच्या रचनेतील दोष उघड होतात. त्यांनी असे अनेक दोष विकासकांच्या निदर्शनास आणून दिले. जे नीट सांगता येत नाही ते बहुधा नीट योजलेले नसते, हा अनुभव शिक्षकांना नवा नाही. दस्तऐवजीकरण हे त्या अर्थाने निर्मितीनंतरचे कारकुनी काम नसून निर्मितीचेच परीक्षण होय.

तथापि, या परंपरेची दुसरी बाजू चिंताजनक आहे. जगभरातील असंख्य संगणकांना आधारभूत असलेले हे काम बहुतांशी एका व्यक्तीच्या फावल्या वेळावर उभे होते. सप्टेंबर २०२४ मध्ये आर्थिक पाठबळाअभावी काम थांबवीत असल्याचे देखभालकर्त्यास जाहीर करावे लागले. पुढे पाठबळ मिळाल्यावर काम पुन्हा सुरू झाले. परंतु अर्धशतकाच्या अनुभवानंतरही देखभालीचे मोल तिचा खंड पडल्यावरच कळावे, हे या क्षेत्राचे अपयश म्हटले पाहिजे.

६. लिनक्स कर्नेल : कोडशेजारी दस्तऐवज

लिनक्स कर्नेलच्या कोडमध्येच दस्तऐवजीकरणाची एक स्वतंत्र निर्देशिका आहे. २०१४ च्या अखेरीस जोनाथन कॉर्बेट यांनी तिची जबाबदारी स्वीकारली. या मजकुराचा काही भाग डॉकबुक या किचकट पद्धतीत, तर मोठा भाग विस्कळीत साध्या फाइलींच्या रूपात होता. २०१६ मधील ४.८ आवृत्तीपासून तो स्फिंक्स या पद्धतीत आणण्यास प्रारंभ झाला. स्फिंक्स मुळात गेऑर्ग ब्रांडल यांनी पायथन भाषेच्या दस्तऐवजीकरणासाठी तयार केले आणि २००८ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातील मजकूर साध्या लिखाणासारखा दिसतो. त्यामुळे कोड लिहिणाऱ्यास त्याच बैठकीत दस्तऐवजही सुधारता येतो.

या निर्देशिकेतील एक विभाग कर्नेलने वापरकर्त्यांच्या आज्ञावलींना दिलेल्या सुविधांची नोंद ठेवतो. तेथे प्रत्येक सुविधेसाठी सुविधेचे नाव, दिनांक, कर्नेलची आवृत्ती, संपर्काची व्यक्ती, वर्णन आणि वापरकर्ते अशी नोंद करावयाची असते. १९७१ च्या पुस्तिकेतील मालक येथे संपर्काची व्यक्ती या रूपाने पुन्हा आढळतो. या दोहोंत थेट वारसा होता असे म्हणता येणार नाही. मात्र त्याच गरजेने दोन्ही ठिकाणी तेच उत्तर शोधले, हे स्पष्ट दिसते.

७. मराठीच्या संदर्भात

संगणकाच्या पडद्यावरील शब्द मराठीत आणण्याचे प्रयत्न मुक्त स्रोत क्षेत्रात झाले आहेत. वारंवार येणाऱ्या संज्ञांचे प्रमाणीकरण करण्यासाठी २००८ मध्ये रेड हॅटच्या पुढाकाराने सुरू झालेला फ्युएल प्रकल्प हा त्यांतील महत्त्वाचा टप्पा होय. संज्ञांकडून पूर्ण पुस्तिकांकडे जाताना मात्र वरील इतिहास ध्यानात ठेवावा लागेल. अनुवाद झाला की देखभालीचे ओझे दुप्पट होते. मूळ बदलले की अनुवादही बदलावा लागतो. शंभर पुस्तिका एकदा अनुवादित करून सोडून देण्यापेक्षा पाच पुस्तिका दरवर्षी तपासणे अधिक हिताचे ठरेल. महाविद्यालयांकडे दरवर्षी नवे विद्यार्थी येतात, विभाग मात्र कायम असतो. सूत्रे पुढे सोपविण्याची व्यवस्था त्यांच्यापाशी आयतीच आहे.

८. निष्कर्ष

१. दस्तऐवजीकरणाचा इतिहास हा लेखनापेक्षा देखभालीचा इतिहास आहे.
२. कोडपासून दूर असलेले दस्तऐवज विपुल असूनही कालबाह्य होतात. कोडशेजारी असलेले तुलनेने टिकतात.
३. उत्तरदायी व्यक्तीचे नाव, दिनांक आणि आवृत्ती या तीन नोंदी दस्तऐवजाच्या विश्वसनीयतेचा पाया आहेत.
४. बदलण्याचा कायदेशीर अधिकार नसेल तर देखभाल शक्य होत नाही. म्हणून परवाना हा दस्तऐवजीकरणाचाच प्रश्न आहे.
५. देखभालीस श्रेय व आर्थिक पाठबळ न मिळाल्यास अखंड परंपराही खंडित होऊ शकते.

९. समारोप

विद्याक्षेत्रात नव्या ग्रंथाचे प्रकाशन होते, सुधारित आवृत्तीचा मात्र क्वचितच गौरव होतो. सॉफ्टवेअरच्या जगातही नवी सुविधा लिहिणारा नावारूपास येतो आणि जुन्या पानावरील चुकीचे वाक्य दुरुस्त करणारा दृष्टीआड राहतो. १९७१ च्या पुस्तिकेने शेवटचा हात लावणाऱ्यास मालक म्हटले होते. त्या शब्दात जबाबदारी होती, तसाच मानही होता. जबाबदारी आपण कायम ठेवली. मानाची परतफेड अद्याप बाकी आहे.